रेस देऊनही गाडी ओढत नाही? टर्बो बदलण्याआधी एवढं तपासा

संगमनेर : टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की आपल्या तालुक्यातल्या पिकअप, टेम्पो रोज चंदनापुरी घाट चढून नारायणगावच्या बाजाराकडे निघतात. त्यातली एखादी गाडी घाटात डाव्या कडेला, पुढचं बॉनेट वर करून उभी दिसतेच. ड्रायव्हरला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "रेस देतोय, पण गाडी ओढतच नाही."

गेल्या हंगामात त्या कडेला मी स्वतः उभा होतो. मागे ६५ कॅरेट भरलेले. सपाटीला गाडी नीट पळत होती. घाट लागला, तिसऱ्यात दम तोडला, दुसऱ्यात टाकली तर माणूस चालेल त्या वेगाने चढायला लागली. मागे काळा धूर. कसाबसा वर पोचलो, पण लिलावाची चांगली वेळ गेली आणि माल मागच्या भावात द्यावा लागला. परतताना रस्त्यावरच्या एका गॅरेजवर गाडी दाखवली. तिथल्या माणसाने एकदा रेस दिली, धूर बघितला आणि सांगितलं, "टर्बो गेला. ३८ हजार धरून चाला."

तेवढे पैसे हाताशी नव्हते म्हणून गाडी तशीच घरी आणली. दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्त्रीने टर्बोपासून निघणारा जाड रबरी पाइप हाताने चाचपला. पाइपाच्या खालच्या अंगाला, वरून दिसणार नाही अशा जागी, बोटभर फाट होती. गाडी उभी असताना फाट मिटलेली असायची, आतून दाब आला की उघडायची. पाइप आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं. टर्बो आजही तोच आहे.

प्रत्येकाचं काम दोन हजारांत होईल असं नाही. कधी टर्बो खरंच जातो, पंपही जातो. पण आधी स्वस्तातलं तपासावं आणि मग महागाकडे जावं, एवढा क्रम पाळला तरी बराच पैसा वाचतो. तो क्रम कसा, ते या लेखात सांगतो.

हळू चालते, जोरात का मरते?

आपल्या विहिरीवरच्या मोटारीचंच उदाहरण घ्या. फूट व्हॉल्व्हला कचरा अडकला तर एक नळ नीट चालतो. सगळं ठिबक चालू केलं की दाब पडतो. मोटार तीच, पण मागणी वाढली आणि कचऱ्यातून तेवढं पाणी येत नाही.

इंजिनचंही तसंच आहे. त्याला तीन गोष्टी लागतात : हवा आत यायला पाहिजे, इंधन पोचलं पाहिजे, आणि जळालेला धूर बाहेर गेला पाहिजे. पेट्रोलच्या गाडीला चौथी गोष्ट म्हणजे प्लगची ठिणगी. गाडी जागेवर चालू असताना या सगळ्याची गरज थोडी असते. चढाला किंवा ओव्हरटेक करताना रेस दाबली की गरज कितीतरी पटीने वाढते. कुठे अर्धवट अडथळा असेल तर तो तेव्हाच उघडा पडतो.

हवा किती लागते याचा अंदाज आपल्याला नसतो. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमागे जवळपास ११ किलो हवा. लिटरमध्ये मोजली तर ती हजारो लिटर भरते. ही सगळी हवा एका कागदी फिल्टरमधून जाते, आणि आपले रस्ते कसे आहेत ते आपल्याला माहीत आहे.

आधी ठरवा : इंजिन की दुसरं काही?

गाडी ओढत नाही म्हणजे दरवेळी दोष इंजिनचाच असतो असं नाही.

रेस दिल्यावर इंजिनचा आवाज चढतो, काटा वर जातो, पण गाडीचा वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. बरोबर जळका वासही येतो. याची चाचणी सोपी आहे. मोकळ्या सपाट जागेत गाडी उभी करा, पुढे माणूस नको. चाकांना दगड लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धक्का देऊन लगेच बंद पडतं. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर प्लेट संपली. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळेल.

दुसरं म्हणजे ब्रेक धरून राहणे. चार-पाच किलोमीटर चालवून गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, हात टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक जाम आहे. अशा वेळी इंजिनला कितीही दोष दिला तरी उपयोग नाही.

तिसरी गोष्ट ऐकून हसाल, पण पायाखालचं मॅट बघा. मॅट सरकून ॲक्सिलरेटरच्या मागे गेलं तर पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. आणि चौथी, मागे माल किती आहे? कागदावर जेवढी क्षमता आहे त्यापेक्षा जास्त भरला असेल तर गाडीत बिघाड शोधू नका.

डिझेल गाडीत धूर बघा

इंजिनचाच दोष आहे असं ठरलं की दुसऱ्या माणसाला मागे उभं करा आणि रेस देताना धुराचा रंग बघायला सांगा.

काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, पण ते जाळायला हवा कमी पडतेय. एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, टर्बो, ईजीआर व्हॉल्व्ह या बाजूला शोधा.

धूर नाही, पण ताकदही नाही, म्हणजे डिझेलच कमी पोचतंय. डिझेल फिल्टर, टाकी, डिझेलची लाइन या बाजूला शोधा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही राहत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा रेडिएटरचं पाणी आत जातंय. हे दोन्ही घरी करायचं काम नाही.

हवेची बाजू

पहिलं काम एअर फिल्टरचं. क्लिपा काढल्या की फिल्टर हातात येतो. कारखान्याचा हंगाम असेल, ऊसतोडीच्या रानातून गाडी जात असेल, तर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवर थांबू नका, आधीच उघडून बघा. झटकून साफ करायचा तर आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला हवा मारा, तीही हलक्या दाबाने. बाहेरून मारलेली हवा धूळ कागदात आणखी रुतवते. कागद पाण्याने धुवायचा नाही. फिल्टर काढून गाडी चालवायची तर अजिबात नाही. एक दिवस तशी चालवली तरी धूळ टर्बोच्या पंख्यावर आणि सिलिंडरमध्ये जाते.

डबा उघडलाच आहे तर आत हातही फिरवा. आमच्या भावकीतल्या एकाची गाडी तीन आठवडे चाऱ्याच्या गंजीजवळ उभी होती. नंतर ती चढाला मरायला लागली. फिल्टरच्या डब्यात उंदराने भुसा, चिंध्या आणि भुईमुगाची टरफलं भरून घर केलं होतं. खर्च शून्य रुपये, फक्त डबा साफ केला.

मग टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन असे जाड पाइप बघा. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनमध्ये भरतो. हे पाइप फाटले किंवा क्लॅम्प ढिला झाला की दाबलेली हवा बाहेर जाते. रेस देताना सुस्स असा आवाज, आणि जोडाजवळ ऑइलचा ओला काळा डाग, या दोन खुणा. इंजिन बंद करा, गार होऊ द्या, मग पाइप खालच्या अंगाने चाचपा, वाकवून बघा. नुसतं वरून बघून काही कळत नाही, हे मी पैसे देण्याच्या बेतात असताना शिकलो.

बऱ्याच गाड्यांत टर्बोच्या कंट्रोलला बोटापेक्षा बारीक व्हॅक्युम पाइप असतात. उंदीर ते कुरतडतात. पाइप निघालेला किंवा तुटलेला दिसला तर टर्बो चांगला असूनही काम करत नाही.

ईजीआर व्हॉल्व्ह थोडा धूर परत इंजिनमध्ये सोडतो, म्हणजे प्रदूषण कमी होतं. त्यात काजळी साचून तो उघडाच अडकला तर इंजिनला चांगल्या हवेऐवजी धूर मिळतो. तो काढून साफ करता येतो, पण हे काम मिस्त्रीकडून करून घ्या.

डिझेलची बाजू

आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी डिझेल ड्रममध्ये, कॅनमध्ये ठेवायची सवय आहे. तेच कधी पिकअपमध्ये ओतलं जातं. अर्धा भरलेला ड्रम दिवसा तापतो, रात्री गार होतो आणि आतल्या अंगाला पाणी सुटतं. अर्ध्या टाकीचंही तसंच होतं. फडक्याने गाळल्यावर कचरा अडतो, पाणी अडत नाही.

हे पाणी डिझेल फिल्टरच्या तळाशी साचतं. बहुतेक फिल्टरच्या खाली ते सोडायला नॉब असतो. इंजिन बंद करा, जवळ बिडी-काडी नको. नॉब ढिला करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर ते खाली वेगळं दिसतं. पाणी संपेपर्यंत सोडा, नॉब आवळा, आणि वरचा हातपंप कडक लागेपर्यंत दाबा. हातपंप नसेल, इलेक्ट्रिक पंप असेल, तर गाडी स्टार्ट न करता तीन-चार वेळा चावी ऑन करा. फिल्टर बदलून बरेच दिवस झाले असतील तर सरळ नवा टाका. तो काही शे रुपयांत येतो. पाण्यामुळे इंजेक्टर गेला तर बिल हजारांत जातं.

काही वेळा सुरुवातीला गाडी छान चालते आणि अर्ध्या तासाने मरते. तेव्हा टाकीचं झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा जोरदार आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट पळाली, तर टाकीला हवा मिळण्याची वाट बुजली आहे.

एक धोक्याची सूचना. हल्लीच्या कॉमन रेल इंजिनमध्ये इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत हजार बारहून जास्त दाब असतो. कारच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन बार असतो, यावरून समजा. पूर्वी ट्रॅक्टरची एअर काढायला आपण नट ढिले करायचो, ती सवय इथे नको. गळती आहे का बघायला हातही लावू नका. बारीक धार कातडीतून आत जाते आणि हात गमावायची वेळ येते.

पेट्रोल आणि सीएनजीची गाडी

पेट्रोल गाडी रेस देताना झटके मारत असेल, "मिसिंग" करत असेल, तर पहिला संशय प्लग आणि इग्निशन कॉइलवर. प्लग काढून बघा. टोक झिजलेलं, काळं, ओलं दिसलं तर बदला. एकाच सिलिंडरची कॉइल गेली असेल तर ती दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघतात. मिसिंगही तिकडे सरकलं तर दोष कॉइलचा. त्यानंतर थ्रॉटल बॉडीतली काजळी, मग पेट्रोल पंप आणि फिल्टर.

सीएनजीवाल्यांना एक फुकटची चाचणी हाताशी आहे. गाडी पेट्रोलवर टाकून तोच चढ चढवा. पेट्रोलवर नीट चढली तर दोष गॅसच्या बाजूला, म्हणजे गॅस फिल्टर, रेग्युलेटर, इंजेक्टर यांत आहे. दोन्हीवर मरत असेल तर प्लग, कॉइल, एअर फिल्टर बघा. गॅस पेटायला ठिणगी जोरदार लागते, म्हणून सीएनजी गाडीत कमजोर प्लग आधी उघडा पडतो. गॅसवर ताकद थोडी कमी असणं मात्र नेहमीचंच.

सध्या चावडीवर चर्चा असते की इथेनॉलमुळे गाड्या ओढत नाहीत. हिशेब असा आहे. १ लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं तर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. त्याने ॲव्हरेज थोडं घटेल, पण काल पळणारी गाडी आज घाटात मरणार नाही. तशी मरत असेल तर बिघाड शोधा. एक मात्र खरं, इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं तर ते इथेनॉलसह तळाला बसतं आणि पंप आधी तेच उचलतो. झाकणाचं रबर नीट ठेवा.

पिवळा दिवा पेटला तर

बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांत इंजिनवर कॉम्प्युटरची नजर असते. काही चुकलं की तो इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लावतो आणि मोठं नुकसान टाळायला ताकद मुद्दाम कमी करतो. गाडी ठरावीक वेगाच्या वर जातच नाही. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ नीट चालते. याला मिस्त्री लोक "लिंप मोड" म्हणतात.

अशा वेळी स्कॅनर लावून कोड बघावा लागतो. कोड पुसण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. आणि एक लक्षात घ्या, कोड दोषाचा पत्ता सांगतो, पार्ट बदला असं सांगत नाही. "टर्बोचा दाब कमी" असा कोड फाटक्या पाइपानेही येतो, उंदराने कुरतडलेल्या नळीनेही येतो.

पेट्रोल गाडीत हाच दिवा लुकलुकत असेल तर गाडी जोरात रेटू नका. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी वितळते. मग धूर बाहेर जायची वाट बंद होते आणि गाडी आणखी दम तोडते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या बऱ्याच डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगात चालावी लागते. घर ते रान, रान ते डेअरी एवढंच फिरणाऱ्या गाडीत डीपीएफ भरतो. त्याचा दिवा लागला की मोकळ्या हायवेवर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी चालवा. दिवा तसाच ठेवून महिनाभर फिरलात तर काम महागात जातं.

घाटातच मेली तर

गाडी दम तोडतेय असं जाणवलं की ओव्हरटेक सोडून द्या. समोरून वाहन येत असताना मधल्या पट्ट्यात ताकद गेली तर जीवावर बेततं. इंडिकेटर चारही लावा, डावी कडा धरा, वळणावर थांबू नका. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा. ऑइलचा लाल दिवा किंवा तापमानाचा काटा वर असेल तर इंजिन लगेच बंद करा. आणि निघताना दगड उचलून बाजूला टाका. रात्री त्याच दगडावर कुणाची तरी मोटारसायकल जाते.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

"गाडी ओढत नाही" एवढंच सांगितलं की समोरचाही अंदाजपंचे बोलतो. त्यापेक्षा पुढच्या गोष्टी लिहून न्या.

- गाडी गार असताना मरते की गरम झाल्यावर?
- रिकामी असताना की माल भरल्यावर?
- कोणत्या गिअरला, किती वेगाला?
- अचानक सुरू झालं की हळूहळू वाढत गेलं?
- धूर कोणत्या रंगाचा? आवाज कसला?
- कोणता दिवा लागला?
- शेवटचं काम कधी आणि कशाचं केलं, डिझेल कुठे भरलं?

मिस्त्रीला सोबत घेऊन एक चक्कर मारा, जिथे मरते तोच चढ दाखवा. मोठा पार्ट सांगितला तर "कशावरून?" असं विचारा. चांगला मिस्त्री रागावत नाही, उलट हात लावून दाखवतो. काढलेला जुना पार्ट आणि बिल मागून घ्या.

क्रम लक्षात ठेवा : मॅट, ब्रेक, क्लच, मग एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, पाइप आणि क्लॅम्प, मग प्लग-कॉइल, मग स्कॅनर, आणि सगळ्यात शेवटी टर्बो, पंप, इंजेक्टर. यातलं अर्धं काम रविवारी सकाळी दारात उभं राहून होतं.

हंगामात गाडी बंद पडली तर बिल एका बाजूला राहतं, माल दुसऱ्या बाजूला सडतो. त्यामुळे पहिला तोडा निघायच्या आठ दिवस आधी बॉनेट उघडा. मी आता कॅरेट धुवायला काढले की त्याच दिवशी पाइप चाचपून घेतो.